होडीच्या खेळातली चाल

दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि डॉक्टरांनी त्याचं मीठ तोडलं, त्याच दिवशी आईने मिठाची बरणी माळ्यावर टाकली. एकासाठी वेगळं आणि तिघांसाठी वेगळं असं शिजवायला ती तयार नव्हती. "त्याच्यासमोर बसून आपण चवीचं खायचं? माझ्याच्याने नाही व्हायचं," एवढं बोलून तिने विषय मिटवला. तेव्हापासून घरात सगळंच आळणी. बटाटे दोनदा उकडून पाणी फेकायचं, पालेभाजी शिजवून घट्ट पिळून घ्यायची, वरण नावापुरतं, आणि दादाचं दिवसाचं पाणी एका बाटलीत भरून ठेवायचं. बाटली संपली की कितीही तहान लागली तरी बर्फाचा एक तुकडा. बाबा जेवताना डाव्या मुठीत चिमूटभर मीठ धरून बसत आणि आईची पाठ वळली की भातावर टाकत. मी त्यांच्याहून वरचढ होते. समोरच्या शाहकाकींनी वाटीभर ढोकळा दिला की तो घरात न्यायच्या आधी जिन्यातच उभी राहून संपवायचे. भाईंदर पूर्वेला आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून लांबवर मिठागरं दिसत. ते पांढरे ढीग उन्हात चमकायला लागले की दादा उशीवरून मान उचलून म्हणायचा, "बघ सुजा, सगळं माझ्यासाठी राखून ठेवलंय." त्यावर हसावं की काय करावं हे मला कधीच कळलं नाही. मी आपली हसायचे.

हे आता लिहायला बसले, कारण अलीकडेच एक जुना बटणांचा मोबाइल आमच्या घरात आला आणि त्याने सगळं उकरून काढलं. दादाने एका खेळासाठी केलेली चाल त्यात वाजते. ती सुरात आहे की बेसूर, एवढाच काय तो प्रश्न. बाहेरच्या माणसाला वाटेल, यात एवढं काय आहे? पण आमच्या घरात सूर हा गप्पांचा विषय नव्हता, न्यायनिवाड्याचा होता, आणि न्यायाधीश एकच होते.

बाबा दिवसा मुंबईत सुक्या मेव्याच्या गोदामात कारकून होते, पण कुणी विचारलं तर स्वतःला बेंजोमास्तर म्हणवत. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. गणपती असो, आगऱ्यांची हळद असो की उत्तनच्या ख्रिश्चनांची वरात असो, बाबांची बेंजो पार्टी लागली की म्हाताऱ्याही पदर खोचून नाचायला उतरत. त्यांचा कान असा की कुकरची शिट्टी, देवळाची घंटा, शाहकाकींची बेल, सगळ्यांचा सूर ते जाता जाता तपासत. "शिट्टी चढी लागतेय, आत काहीतरी अडकलंय," असं ते पेपरातून डोकं वर न काढता सांगत, आणि आत खरोखरच डाळीचं साल निघे. तालाला चुकलेला माणूस सावरता येतो, सुराला चुकलेला नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला त्यांनी कधी शिकवलं नाही. पोरींनी वरातीत वाजवायचं नसतं, संपलं. आईला भजनी मंडळात मागच्या रांगेत बसवतात आणि हळू म्हणायला सांगतात, हे ते पाहुण्यांना हसत हसत ऐकवायचे. एकूण काय, घरात कान म्हणजे बाबांचे. आमचे नुसते डोक्याला चिकटलेले.

दादाला मात्र ते लहानपणापासून बरोबर न्यायचे. तो चौदा वर्षांचा असताना राई गावात एका घरी हळद होती आणि बाबांनी त्याला पहिल्यांदाच दुसऱ्या बेंजोवर उभं केलं. मीही होते, मटणाच्या जेवणाच्या आशेने गेलेली. बाबांची एक खास चाल होती, नवरदेवाला चौरंगावर आणताना वाजवायची. हळूहळू चढत जाणारी आणि शेवटी एका सुरावर येऊन टेकणारी. दादाने तिसऱ्या ओळीत बटण चुकवलं. एकदा, आणि घाबरून पुन्हा. बाबांनी हात वर केला आणि सगळी पार्टी थांबवली. ढोल थांबले, पिवळ्या हातांच्या बायका थांबल्या, चौरंगाकडे निघालेला नवरदेव एक पाय उचलून तसाच उभा. बाबा माइकसमोरच म्हणाले, "मंगेश, बेंजो खाली ठेव. बेसूर माणसाचं इथं काम नाही." दादाने बेंजो खुर्चीवर ठेवला आणि मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला. मटण आलं तेव्हा तो पंगतीला बसला नाही, मी बसले. त्या दिवसानंतर त्याने बेंजोला हात लावला नाही, निदान आम्हाला तसं वाटत होतं.

बाबांचं त्याच्यावर प्रेम नव्हतं असं कुणी समजू नये. त्याला डायलिसिसला नेताना ते त्याचे बूट स्वतः घालून देत, लेस बांधून देत, आणि मशीनला चार तास लावलेलं असताना बाहेरच्या बाकावर जेवणाचा डबा न उघडता बसून राहत. फक्त सुराच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. ते एवढंही खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं, असं मला आज वाटतं. तेव्हाही वाटायचं, पण बोलायची हिंमत कुणाची होती?

आजारपणाआधी दादा मीरा रोडला मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात लागला होता. उत्तनचा विल्सन खेळ लिहायचा आणि दादा त्याला आवाज द्यायचा. तेव्हाच्या मोबाइलमध्ये गाणं भरून ठेवायला जागा नसे. कुठला सूर, केव्हा, किती वेळ, एवढं फाइलमध्ये लिहून द्यायचं आणि मोबाइलच्या पोटातलं यंत्र ते वाचून वाजवायचं. म्हणजे दादा वाजवत नव्हता, लिहून देत होता, वाजवणारा मोबाइल. "टुणटुणीला चाल म्हणायला लागले आजकाल," बाबा म्हणायचे. दादा आणि विल्सनचा शेवटचा खेळ होडीचा. पडद्याच्या तळाशी होडी, खडक चुकवायचे आणि मासळी गोळा करायची. उत्तनच्या पोराच्या डोक्यातून दुसरं काय निघणार! एका मोबाइल कंपनीला तो आपल्या नव्या हँडसेटमध्ये भरून द्यायचा होता. त्या कंपनीचं नाव आज कुणाला आठवणार नाही. तिने तपासायला एक हँडसेट दिला होता, चंदेरी रंगाचा, मागे मोठ्या स्पीकरचा. दादा अंथरुणाला खिळल्यावर विल्सनने तो हँडसेट आणि ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर घरी आणून त्याच्या पलंगाशी मांडून दिला.

त्या शेवटच्या महिन्यांत दादा एका चालीवरच बसून होता. बाबा घरात असले की कानात इअरफोन. ते कामावर गेले की आवाज मोकळा. एकदा मी कॉलेजातून लवकर आले तर बाबांचा बेंजो खोळीतून निघून दादाच्या मांडीवर आलेला. त्याच्या डाव्या हाताची शीर डायलिसिसच्या सुयांनी दोरीसारखी फुगली होती. त्या हाताने तो बटण दाबायचा, उजव्याने तार छेडायचा, मग मोबाइलवर तोच सूर वाजवायचा, डोळे मिटून मान हलवायचा, कॉम्प्युटरवर काहीतरी बदलायचा आणि परत तार. "बाबांना बोलू नकोस हं," एवढंच तो म्हणाला. मला वाटलं, बेंजो वाजवायचा मोह होतोय आणि लाजतोय बिचारा. काम झाल्यावर त्याने तारा फडक्याने पुसल्या आणि बेंजो होता तसा ठेवून दिला.

पुढच्या थंडीत दादा गेला. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही; ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

तेरावं झालं, पाहुणे गेले, बाबा गोदामात जायला लागले, मी कॉलेजात. आईने हॉस्पिटलची पिशवी रिकामी केली. त्यात तो चंदेरी मोबाइल होता, बंद पडलेला. तिने सवयीने तो चार्जिंगला लावला. दादाने गोळ्यांच्या वेळेचा अलार्म त्याच मोबाइलवर ठेवला होता आणि अलार्मला होडीच्या खेळाची चाल लावली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती वाजली. आई पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन खोलीच्या दारापर्यंत गेली. चारला पुन्हा वाजली. तिला अलार्म काढता येत नव्हता. मोबाइल बंद करून ठेवला तरी अलार्मपुरता तो आपणहून चालू व्हायचा. तेव्हाच्या मोबाइलचं चार्जिंगही आठवडाभर टिकायचं. आम्हाला तिने एका शब्दाने सांगितलं नाही. हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की गॅलरीत एक निळा टब आलाय.

आपल्याकडे दुपारी सायकलवर प्लास्टिकचे टब-बादल्या लादून ते लोक येतात, "पुराना मोबाईल, बंद मोबाईल, टूटा मोबाईल" असं कर्ण्यावर लावून. जुना मोबाइल द्यायचा आणि टब घ्यायचा. आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी असा एकेक टब होता. आईने चारचा अलार्म वाजायच्या आत मोबाइल खाली नेऊन दिला आणि निळा टब घेऊन वर आली.

दादाच्या वर्षश्राद्धाला विल्सन आला. तोवर मीरा रोडचं ऑफिस बंद पडलं होतं. बाबांच्या पार्टीतले ढोलवाले रमेशकाका आणि ऑक्टोपॅडवाला सुन्या पंगत आटोपून भिंतीला टेकून बसले होते. मिठाची बरणी माळ्यावरून उतरली होती, पण आईच्या हाताला सवय राहिली नव्हती. त्या दिवशीची आमटी खारट झाली होती आणि सगळे ती निमूट जेवले होते. विल्सनने पिशवीतून लॅपटॉप आणि दोन स्पीकर काढले.

"काका, ऑफिसातल्या मशिनी सगल्या विकल्या," तो म्हणाला. "पन होडीचा खेळ माझ्याकडं सीडीवर हाय. त्याच्या पोटातून मंगेशची चाल सोडवून काढलीय मी. अख्खी हाय, कायपन गेलं न्हाय."

बाबा सरसावून बसले. मला आठवतं, त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली होती.

चाल सुरू झाली. पहिल्याच ओळीला बाबांची बोटं मांडीवर हलायला लागली. ती त्यांचीच चाल होती. नवरदेवाला चौरंगावर आणतानाची, पण संथ केलेली, पाण्यावर चालल्यासारखी. बाबांनी एकदम वर पाहिलं. मी त्यांचा तसा चेहरा त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मग दुसऱ्या ओळीत एक सूर घसरला. मला एरवी यातलं काही कळत नाही, पण तो मलाही टोचला. पुढे तोच सूर आला आणि पुन्हा खाली पडला. जिथे चाल येऊन टेकायची तिथेही तोच सूर, तिथेही पडला. रमेशकाका आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले. सुन्या उठून पाणी प्यायला गेला. त्याला तहान लागली नव्हती.

"बंद कर," बाबा म्हणाले.

विल्सनने केलं.

"गेला तरी सूर लागला नाही त्याला."

स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "हे असं नव्हतं वाजत हो. मोबाइलवर असं नव्हतं."

"तुला काय कळतंय त्यातलं?" बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले.

"काकी," विल्सन गोंधळून म्हणाला, "मलापन सुरातलं कळत न्हाय. पन त्याच्याच मोबाइलवर लावून बघू ना. कुठं हाय तो?"

आईने गॅलरीकडे पाहिलं. निळ्या टबात पंगतीची उष्टी ताटं भिजत पडली होती. "टबवाल्याला दिला," ती म्हणाली. बाबा उठले आणि चपला घालून खाली निघून गेले. पाहुण्यांना विडा द्यायचा राहिला तो राहिलाच.

त्यानंतर आई रोज दुपारी खिडकीत उभी असायची. टबवाला आला त्या दिवशी मी घरी होते. कर्णा ऐकू येताच तिने टब रिकामा केला, घासला, आतून-बाहेरून पदराने पुसला आणि तो कवटाळून तीन मजले उतरली. मी तिच्या मागे.

"भैया, ये लो तुम्हारा टब. वो मोबाईल वापस दो," आई म्हणाली.

त्याला काही आठवेना. "कौन सा मोबाईल, माई?"

"चांदी जैसा. पीछे बडा स्पीकर. मेरे बेटे का था."

"साल हो गया होगा, माई. माल तो बोरी में आगे जाता है. उधर तोड के अंदर का पत्ता, वो हरी प्लेट, निकाल लेते हैं." मग आईचा चेहरा बघून त्याने सायकलला बांधलेलं पोतं सोडलं आणि जिन्यापाशी रिकामं केलं. "इसमें देख लो. जो चाहिए रख लो."

आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली आणि एकेक मोबाइल उचलून उलटा करून बघायला लागली. फुटक्या काचांचे, बटणं गळालेले, कुणा पोरीचे चिकटवलेले तारे असलेले. तिला ठाऊक होतं की तो त्यात नसणार. मलाही ठाऊक होतं, त्या माणसालाही. तरी तिने सगळे पाहिले आणि आम्ही दोघांनी तिला पाहू दिले. शेवटी तिने ते स्वतःच पोत्यात भरले. टब त्याने परत घेतला नाही. "रहने दो, माई," म्हणाला आणि पुढे कर्णासुद्धा लावला नाही, सायकल हातात धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला. तो टब अजून आहे. एका बाजूला चीर गेलीय, पण आई तो टाकू देत नाही.

वर्ष संपल्यावर बाबांनी पुन्हा बेंजो हातात घेतला आणि मग एकही सुपारी सोडली नाही. आधी ते कानात कापूस घालायचे, पार्टीतल्या सगळ्यांना घालायला लावायचे. आता घालेनात. मोठ्या स्पीकरच्या पुढ्यात उभे राहायचे, ट्रॉलीवरच्या भिंतीएवढ्या स्पीकरच्या, आणि वाजवायचे. रमेशकाका सांगायला गेले तर म्हणाले, "कान जपून कुणाला द्यायचेत?" साठी उलटेपर्यंत त्यांचे दोन्ही कान गेले. डॉक्टरांनी मशीन दिलं, ते त्यांनी दोन दिवस घातलं आणि डबीत बंद करून टाकलं. म्हणाले, मशीन बेसूर वाजतं. आमच्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखतात आता; नाही ओळखू आलं की "हो" म्हणून सोडून देतात.

मी शिकले, नोकरीला लागले, लग्न होऊन मीरा रोडला आले. विल्सन मात्र त्या चालीपासून सुटला नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान सांभाळून तो बटणांच्या मोबाइलवरचे खेळ गोळा करत बसायचा आणि त्यातलं संगीत सोडवून काढायचा. देशोदेशीचे असे काही वेडे आहेत. ज्या खेळांच्या कंपन्या बुडाल्या, ज्यांचं नाव सांगायला कुणी उरलं नाही, त्यांच्या चाली ते एका ठिकाणी नेटवर जमा करतात, बनवणाऱ्याच्या नावासकट. होडीच्या खेळाखाली दादाचं नाव आहे. आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, चाल चांगली आहे पण बनवणाऱ्याला सुराचा गंध नाही. विल्सनने ते मला वाचून दाखवलं तेव्हा त्या अनोळखी माणसाचे मी सगळे पूर्वज काढले. भाईंदरच्या घरातला निकाल आता जगभर टांगला होता. विल्सनने तेव्हाच ठरवलं की त्याच कंपनीचा, अगदी तसाच हँडसेट शोधायचा. सापडला तो त्याच्या गावातच, उत्तनला. एका नाखव्याने तो वर्षानुवर्षं बोटीवर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला होता, कारण इंजिनाच्या धडधडीतही त्याची रिंग ऐकू येई.

विल्सनने त्यात नवी बॅटरी घातली, खेळ भरला आणि माझ्या घरी आला. आम्ही खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, घामाघूम होऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोबाइल ठेवला, समोर माइक. चाल सुरू झाली. दुसरी ओळ आली तेव्हा मी नकळत ओट्याची कड धरली. सूर पडला नाही. पुढे आला, तेव्हाही नाही. शेवटी चाल जिथे टेकायची तिथे नीट येऊन टेकली, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी.

विल्सनने लॅपटॉप उघडला. "मी इतकी वर्षं फाइल बघत होतो, पन हे बघितलंच न्हाय. हा एक सूर बघ. जिथं जिथं आलाय तिथं मंगेशनं तो थोडा उतरवून लिवलाय. सगलीकडं सारखाच. चुकनारा मानूस दर वेळी सारखाच चुकत न्हाय, सुजा. ह्या मोबाइलचा तो सूरच मुळात चढा हाय. ह्याच्यात उतरवून लिवलं की बरोब्बर बसतो. दुसऱ्या कशावरपन लावला की पडतो."

तेव्हा मला तो पलंग दिसला, मांडीवरचा बेंजो, फुगलेली शीर. दादा बेंजो वाजवत नव्हता. बाबांनी लावलेल्या तारेशी तो त्या डबड्याचा एकेक सूर जुळवत होता. त्याला खात्री होती की एक दिवस बाबा ती चाल ऐकतील, आणि ऐकतील तेव्हा त्या मोबाइलवरच ऐकतील. त्याने सगळा हिशेब केला होता, फक्त टबवाला धरला नव्हता. मी ओट्याशी उभी राहून खूप रडले. विल्सन पंखा लावायचा विसरून तसाच बसून राहिला.

आम्ही केलेलं रेकॉर्डिंग आता नेटवर जुन्या चालीच्या वर आहे. खाली विल्सनने लिहिलंय की ही चाल कुठल्या हँडसेटसाठी लिहिली होती आणि का. सुराचा गंध नाही असं लिहिणाऱ्या त्या परदेशी माणसाने माफी मागितली. पण माझं काम तिथे नव्हतं, भाईंदरला होतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी मोबाइल घेऊन गेले. बाबा खिडकीत बसले होते. मिठागरांच्या बाजूला आता इमारती उठल्यात, तरी ते तिकडेच बघत बसतात. मी त्यांच्यासमोर बसून सावकाश, तोंड नीट हलवून सगळं सांगितलं. फाइल, चढा सूर, उतरवून लिहिणं, त्यांचाच बेंजो. त्यांनी दोनदा परत सांगायला लावलं. मग म्हणाले, "मशीन आण."

आईने डबी शोधून आणली. त्यांनी मशीन कानात घातलं, बराच वेळ खालीवर केलं, आणि मी मोबाइल त्यांच्या कानाशी धरून बटण दाबलं. आई दारात येऊन उभी राहिली. चाल वाजली, टेकली, परत सुरू झाली. बाबांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, कानशिलाच्या हाडावर दाबला, मग हनुवटीवर, बेंजो सुरात लावताना त्याच्यावर हनुवटी टेकवायचे तसा. त्यांच्या डाव्या हाताची बोटं हलली नाहीत.

"टिचटिच ऐकू येतंय नुसतं," ते म्हणाले. "सूर कळत नाही." आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "सुरात आहे?"

"आहे, बाबा."

"तुझं काय, तू बहीण आहेस."

त्यांनी आईकडे पाहिलं. तिने जोरजोरात मान हलवली. "असंच वाजायचं. अकराला आणि चारला, असंच वाजायचं."

"हिचं काय, ही आई."

"विल्सननेही तपासलंय," मी म्हणाले. "परदेशातल्या माणसानेही मान्य केलंय."

त्यांना ओळखू आलं नसावं. किंवा आलं असेल. ते मोबाइलच्या पडद्याकडे बघत होते. तिथे होडी एका जागी डुलत उभी होती, खेळणाऱ्याची वाट बघत.

"मग कुणी सांगायचं, बाबा?" मी विचारलं.

"मी," ते म्हणाले. "ते सांगायचं काम माझं होतं."

त्यांनी मशीन कानातून काढलं, डबीत ठेवलं, डबी मिटली आणि मोबाइल माझ्या हातात दिला. चाल अजून वाजत होती. आई आणि मी ती ऐकत उभ्या राहिलो, आणि बाबा खिडकीतून बाहेर बघत होते.